पोरं कुणापासून जपायची?

(युवक-युवती शिबिरात केलेल्या भाषणाचा मजकूर. जसं बोललं गेलं तसंच, थोडं नीटनेटकं करून.)



सकाळच्या चर्चेत तीन-चार जणींनी एकच गोष्ट वेगवेगळ्या शब्दांत सांगितली. आमच्या वेळी पोरं दिवसभर उंडारायची, दिवेलागणीला घरी यायची, कुणी विचारायचं नाही. आता पोरीला कोपऱ्यावरच्या दुकानात पाठवलं तरी जीव टांगणीला लागतो. जमाना खराब झालाय. कुणाच्या मनात काय आहे सांगता येत नाही.

हे वाक्य झोपडपट्टीत ऐकू येतं, चाळीत ऐकू येतं, बंगल्यातही ऐकू येतं. ज्या वाक्यावर मालकाचं आणि मोलकरणीचं, जातवाल्याचं आणि समाजवाद्याचं एकमत होतं, त्याच्याकडे आपण जरा संशयानं बघायला पाहिजे. म्हणून आज या एकाच वाक्याचा पंचनामा करू. जमाना खरंच खराब झालाय का? झाला असेल तर कुणासाठी? आणि पोरांच्या काळजीनं आपण ज्याला भितो, तो माणूस आहे तरी कोण?

आधी आकडे. आकडे म्हटलं की तुम्ही जांभया देणार, पण थोडं सोसा. १९९२ साली या देशात ४०,००० च्या आसपास खून नोंदले गेले. २०२२ साली साडेअठ्ठावीस हजार. मधल्या तीस वर्षांत माणसं केवढी वाढली बघा. १९९१ च्या जनगणनेत आपण ८५ कोटींच्या आत होतो, आता १४० कोटींच्या वर आहोत. म्हणजे लाख माणसांमागे होणारे खून निम्म्याच्याही खाली आले. खुनाचाच आकडा मी मुद्दाम घेतला. बाकीचे गुन्हे फौजदाराच्या मर्जीवर नोंदले जातात, मुडदा बहुतेक वेळा नोंदवावाच लागतो.

आता तुम्ही म्हणाल, खुनाचं सोडा, पोरं पळवतात त्याचं काय? तोही आकडा घ्या. २०१२ साली देशात अपहरणाचे गुन्हे ५०,००० च्या आत होते. २०२२ साली ते १ लाखाच्या वर गेले. दुप्पट! वर्तमानपत्रवाले हा आकडा छापतात आणि खाली काळ्या सावलीचं, पोतं घेतलेल्या माणसाचं चित्र काढतात. पण मधे काय घडलं ते छापत नाहीत. १० मे २०१३ ला सुप्रीम कोर्टानं आदेश दिला, की पोर हरवल्याची तक्रार आली तर पोलिसांनी ती डायरीत लिहून ठेवून चालणार नाही. पोर पळवलं गेलंय असं धरून गुन्हाच नोंदवायचा. आदेश चांगलाच होता. त्याआधी गरिबाचं पोर हरवलं तर हवालदार म्हणायचा, येईल फिरून, भूक लागली की येईल. पण त्या आदेशानंतर रुसून मामाकडे गेलेलं पोरही कागदावर अपहृत झालं. कागद बदलला, आणि लोकांना वाटलं रस्ता बदलला.

शिवाय या अपहरणांत एक मोठा ढीग आहे तो सोळा-सतरा वर्षांच्या पोरींचा. पोरगी आपल्या पायानं गेलेली असते, आवडत्या पोराबरोबर. बाप ठाण्यात जाऊन सांगतो, पळवून नेली. २०१३ साली दिल्लीच्या जिल्हा कोर्टांत बलात्काराचे जे खटले चालले ते एका पत्रकार बाईनं एकेक करून वाचले. शेवटपर्यंत चाललेल्या ४६० खटल्यांपैकी १८९ खटल्यांत प्रकरण राजीखुशीनं एकत्र आलेल्या जोडप्याचं होतं, किंवा तसा दावा होता. या देशात अशी जोडपी कधी पळतात? जात आडवी येते तेव्हा. म्हणजे बापाच्या तोंडातला ‘पळवणारा’ अनेकदा अनोळखी नसतोच. बाप त्याला चांगला ओळखतो. तो कोणत्या आळीत राहतो ते बापाला पक्कं माहीत असतं, म्हणून तर एवढा संताप.

याचा अर्थ पोरं विकली जात नाहीत असं मी म्हणत नाही. विकली जातात. भीक मागायला, भट्टीवर, कुंटणखान्यात. पण तिथंही पहिला दलाल बहुधा पोत्यातून येत नाही. तो गावाकडचा कुणीतरी असतो, शहरात काम लावून देतो म्हणणारा, चहा पिऊन गेलेला.

आता ते ‘पूर्वी’ बघू. पूर्वी चांगलं होतं म्हणता, ते कुणाचं पूर्वी? तुमच्या माझ्या आज्या-पणज्यांचं का? गावगाड्यात आपलं पोर मोकळं होतं असं कोण म्हणतो? सात-आठ वर्षांचं पोर बापाच्या कर्जापायी पाटलाची गुरं राखायला जात होतं. पाय घसरून सवर्णांच्या पाणवठ्याला शिवलं तर अख्ख्या वस्तीला मार पडत होता. पोरगी देवीला सोडली जात होती. जोगतीण म्हणा, मुरळी म्हणा, तिचा भोग घेणारा कुणी परमुलखातला दरोडेखोर नव्हता. त्याला गावात मान होता, पंक्तीत पाट होता. १९३४ साली मुंबई इलाख्यात त्याविरुद्ध कायदा झाला, तरी महाराष्ट्राला २००५ साली पुन्हा कायदा करावा लागला. सत्तर वर्षं त्या पोरींना कुणी पळवलं नव्हतं, बरं का. सगळं ओळखीपाळखीत चाललं होतं. म्हणून अपहरणाच्या एकाही आकड्यात त्या सापडणार नाहीत.

गावात सगळे सगळ्यांना ओळखत, म्हणून पोरं सुरक्षित, असं पांढरपेशा लेखक मोठ्या हौसेनं लिहितो. आपल्याला विचारा. खैरलांजीला, २९ सप्टेंबर २००६ ला, आई, मुलगी आणि दोन मुलगे मारले गेले ते कुणाच्या हातून? रोज बांधाला बांध लावून राबणाऱ्यांच्या. खर्ड्याला २८ एप्रिल २०१४ ला सतरा वर्षांच्या शाळकरी पोराला मारलं ते वरच्या जातीच्या मुलीशी बोलतो या संशयावरून. मारणारे गावचे, बघणारेही गावचे. साक्षीदार उलटले आणि २०१७ साली आरोपी सुटले. त्या पोराच्या आईनं त्याला काय शिकवायला हवं होतं? अनोळखी माणसाशी बोलू नको? त्याचा जीव ओळखीनं घेतला.

बाबासाहेबांनी लिहिलेली लहानपणची हकीकत तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी वाचली असेल, पण ती या विषयाच्या अंगानं पुन्हा आठवा. साल १९०१. वडील नोकरीपायी कोरेगावला, पोरं साताऱ्याला. सुटीत वडिलांना भेटायला लहानगा भीमराव आणि घरातली पोरं आगगाडीनं निघाली. मोठं माणूस सोबत नाही. आजच्या आईचा थरकाप होईल असा प्रवास. मसूर स्टेशनावर उतरली. वडिलांना पत्र पोचलं नव्हतं, घ्यायला कुणी आलं नाही. स्टेशनमास्तर आला, त्यानं विचारपूस केली. पोरांच्या अंगावर चांगले कपडे, त्याला वाटलं ब्राह्मणाची पोरं. तो माणूस प्रेमानं बोलला. अनोळखी माणूस, अनोळखी पोरं, आणि माया होती! मग त्यानं विचारलं, कोण तुम्ही? पोरांनी खरं सांगितलं. महार. त्याचं तोंड उतरलं, तो मागे सरला. गाडीवाले दुप्पट भाडं देऊ केलं तरी तयार होईनात. शेवटी एक कबूल झाला, पण पोरांनी गाडी स्वतः हाकायची आणि तो बाजूनं चालणार या अटीवर. रात्र झाली, जेवण जवळ होतं पण पाणी कुणी देईना. पोरं तशीच झोपली.

त्या रात्री पोरांना धोका कशाचा होता? ती अनोळखी होती तोवर माणसाची पोरं होती. ओळख पटली तशी ती विटाळाची झाली. आपल्या जातीच्या पोरांचा हा शंभर वर्षांचा अनुभव आहे, आणि तो ‘अनोळखी माणसापासून सांभाळ’ या शिकवणीच्या बरोबर उलटा आहे. शहर आपल्याला प्यारं झालं ते याचसाठी. लोकलच्या डब्यात खांद्याला खांदा घासणारा माणूस तुमचं आडनाव विचारत नाही. खानावळीत ताट पुढं येतं. ४ नोव्हेंबर १९४८ ला संविधान सभेत गावगाड्याचे गोडवे गाणाऱ्यांना बाबासाहेबांनी जे सुनावलं, ते कुठून आलं होतं कळतं ना? ज्यांना गावानं नावानिशी ओळखून छळलं, त्यांना गर्दीतल्या परक्यांनी आसरा दिला. आणि आता आपणच दोन खोल्यांचं घर झाल्यावर पोरांना शिकवायला लागलो की परका तो वाईट!

हा ‘परका’ कोण असतो ते बघू. लहानपणी तुम्हाला कुणाची भीती घातली? बागुलबुवाची. पोतंवाल्याची. गोसाव्याची. पारध्याची. तृतीयपंथी आला की दार लावून घ्यायची. सूटबूटवाल्याची भीती कुणी घातली का? देवळाच्या विश्वस्ताची? मास्तरची? नाही. भीतीला आपल्याकडे कायम फाटके कपडे असतात.

ही नुसती आजीची गोष्ट नाही, हा सरकारी कायदा होता. १८७१ साली इंग्रजांनी क्रिमिनल ट्राइब्ज ॲक्ट केला. काही जमाती जन्मानंच गुन्हेगार ठरवल्या, पाळण्यातलं पोरही गुन्हेगार. त्याच कायद्याचा दुसरा भाग तृतीयपंथीयांसाठी होता. ते पोरं पळवतात, असं धरून उत्तरेकडच्या प्रांतांत त्यांची नोंदणी सुरू केली, आणि नोंद झालेल्याच्या घरात सोळा वर्षांच्या आतलं मुलगं सापडलं तर दोन वर्षांपर्यंत कैद. ते मुलगं राजीखुशीनं राहत असलं तरी! हा कायदा ३१ ऑगस्ट १९५२ ला गेला. सोलापूरच्या सेटलमेंटची तार तुटली. पण लोकांच्या डोक्यातली तार तुटली नाही.

ती कशी तुटली नाही ते राईनपाड्याला दिसलं. धुळे जिल्हा, साक्री तालुका, १ जुलै २०१८, रविवार, बाजारचा दिवस. नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच जण, भिक्षा मागून पोट भरणारे, बहुतेक मंगळवेढ्याकडचे. त्या दिवसांत मोबाइलवर फिरत होतं, पोरं पळवणारी टोळी आलीय. यांच्यातला कुणी एका लहान पोरीशी बोलला, एवढंच निमित्त झालं. जमावानं त्यांना ग्रामपंचायतीच्या खोलीत नेलं आणि ठेचून मारलं. पाचही जण. मारणाऱ्यांनी त्याची चित्रफीत काढली. पोरं वाचवायला निघालेली माणसं! आणि मेलेल्यांच्या घरी जी पोरं होती, ती कुणी वाचवायची?

त्या वर्षी देशभर जी चित्रफीत फिरत होती तिचंही ऐका. मोटरसायकलवरचे दोघं रस्त्यात खेळणारं पोर उचलून नेतात. ती कराचीची होती. तिथल्या एका संस्थेनं पालकांना सावध करायला बनवलेली. शेवटी ते दोघं पोराला परत आणून सोडतात आणि पाटी दाखवतात. आपल्याकडच्या कुणा हरामखोरानं तो शेवट कापला. बस, तेवढी कात्री पुरली.

राईनपाड्यात मारणारे कोण होते? गरीबच होते. आदिवासी पट्ट्यातली माणसं, ज्यांना स्वतःला शहरात गेल्यावर संशयानं बघतात. हे आपण नीट समजून घेतलं पाहिजे. भीती वरून येते आणि खालच्याच्या हातून खालच्याला मारते. वरचे टीव्हीवर हळहळतात.

पण त्याच १ जुलैच्या रात्री मालेगावात काय झालं, ते फार कमी लोकांना ठाऊक आहे. परभणीकडून आलेलं एक भिक्षेकरी कुटुंब, कडेवर लहान पोर, जमावानं घेरलं. तेच आरोप, तेच दगड. तिथल्या स्थानिक माणसांनी त्यांना एका घरात घेतलं आणि दार लावलं. बाहेर जमाव वाढला, पोलिसांची गाडी उलटवली, पण ते कुटुंब जगलं. ज्यांनी वाचवलं त्यांची आणि वाचलेल्यांची ना जात एक, ना धर्म एक, ना ओळख. परक्यानं परक्याचं पोर वाचवलं. ही गोष्ट पोरांना सांगा. बागुलबुवाची बंद करा.

आता मुख्य दुखण्यावर येतो. इथं बसलेल्या बायांना ते माहीत आहे, पण बोलवत नाही.

२००७ साली केंद्र सरकारच्या महिला व बालविकास खात्यानं एक पाहणी छापली. १३ राज्यं, १२,४४७ मुलं. निम्म्याहून जास्त मुलांनी, शंभरातल्या ५३ नी सांगितलं की त्यांच्यावर कुठल्या ना कुठल्या प्रकारचा लैंगिक अत्याचार झालाय. मुलगे आणि मुली दोघांनीही. आणि करणारे? निम्मे ओळखीचे, विश्वासातले. पोलिसांच्या दप्तरात तर हे प्रमाण आणखी वर जातं. पोक्सोच्या गंभीर गुन्ह्यांत दरसाल शंभरातल्या नव्वदाहून जास्त प्रकरणांत आरोपी मुलाच्या ओळखीचा निघतो. मी आताच सांगितलं तसं यात पळून गेलेल्या जोडप्यांतली पोरंही धरलेली असतात, ते वजा करा. तरी जो ढीग उरतो तो काकाचा, मामाचा, शेजाऱ्याचा, शिकवणीच्या मास्तरचा, सावत्र बापाचा आणि कधी सख्ख्या बापाचा असतो.

हा माणूस झडप घालत नाही. तो आधी आईला मदत करतो. रेशनच्या रांगेत उभा राहतो, गॅस आणून देतो. पोराला मोबाइलवर खेळ लावून देतो. मग म्हणतो, हे आपलं दोघांचं गुपित. मग म्हणतो, आईला सांगितलंस तर आई मरेल. पोराला अनोळखी माणसापासून पळायला शिकवलेलं असतं, आणि हा तर रोज घरात जेवतो! पोरगं गोंधळतं. त्याला वाटतं आपलंच काही चुकलं. ते अंथरूण ओलं करायला लागतं, शाळेत गप्प बसतं, एखाद्या माणसाचं नाव काढलं की अंग आखडतं. आई म्हणते, दृष्ट लागली. आणि कधी पोरानं तोंड उघडलंच तर आपण काय म्हणतो? गप बस, घराची अब्रू जाईल. म्हणजे दाराला तीन कड्या लावून आपण चोराला आत कोंडून घेतो, पोराबरोबर.

बदलापूरला ऑगस्ट २०२४ मध्ये दोन चिमुकल्या पोरींवर शाळेच्या भिंतीआड अत्याचार झाला. ज्या जागी सुरक्षित म्हणून सोडतात तिथंच. तक्रार घेऊन आलेल्या आईला ठाण्यात तासन्तास ताटकळत ठेवलं. २० ऑगस्टला लोक रुळांवर उतरले, तेव्हा सरकारला ऐकू आलं. लोक म्हणाले फाशी द्या. २३ सप्टेंबरला आरोपी पोलिसांच्या गोळीनं मेला, पेढे वाटले गेले. पण पोरींना एकट्या माणसाबरोबर का जाऊ दिलं, तक्रार दाबली कुणी, ठाण्यात वेळ का लावला, हे प्रश्न विचारणारा आवाज त्या फटाक्यांत ऐकू आला नाही. राक्षस मेला की व्यवस्था हात झटकून मोकळी.

आणि राक्षसाला जात चिकटवली की व्यवस्थेचं काम आणखी सोपं होतं. जुलै २०१६ मध्ये कोपर्डीला शाळकरी मुलीवर बलात्कार करून तिला मारलं. गुन्हा अमानुष. ती मुलगी आपली होती, तिच्या आईचं दुःख आपलं आहे. तिघांना नोव्हेंबर २०१७ मध्ये फाशीची शिक्षा सुनावली गेली. पण आरोपी दलित होते म्हणून लाखांच्या मोर्च्यांतून मागणी काय आली? अॅट्रॉसिटी कायदा बदला. तीन जणांच्या गुन्ह्याची किंमत सगळ्या समाजानं भरायची. पोरीच्या काळजीतून निघालेली भीती कशी वळवली जाते, याचं यापेक्षा मोठं उदाहरण मला ठाऊक नाही.

आता काही भाऊ म्हणतील, मग आयांची भीती खुळी आहे का? अजिबात नाही. जी आई पहाटे चारला धुणीभांडी करायला निघते आणि दहा वर्षांच्या पोरीवर दोन धाकटी टाकून जाते, तिला भीती वाटलीच पाहिजे. जिच्या पोरीला रात्री संडासाला शंभर घरांच्या पलीकडे, दिवा नसलेल्या गल्लीतून जावं लागतं, तिला भीती वाटलीच पाहिजे. २०२२ साली देशात १,६८,००० च्या वर माणसं रस्त्यावरच्या अपघातांत मेली, आणि आपली पोरं खेळतात रस्त्यावर, कारण मैदानाला कुंपण पडलं. भीती खरी आहे. तिच्यावर लिहिलेला पत्ता खोटा आहे. ती महानगरपालिकेच्या वॉर्ड ऑफिसात जायला पाहिजे होती, ती जाते भंगार गोळा करणाऱ्या पोराच्या अंगावर.

पैसेवाल्यानं आपल्या भीतीचा बंदोबस्त केलाय. फाटक, कॅमेरा, वॉचमन, वही. त्या वहीत सही करून कोण आत जातं? तुमची आई. कामवालीची लिफ्ट वेगळी, पिशवी तपासणार, पोलिसांकडून दाखला आणणार. आणि मजा बघा, त्या घरातलं पोर दिवसभर कुणाच्या कडेवर असतं? त्याच संशयित बाईच्या. शाळेत कोण सोडतं? संशयित ड्रायव्हर. परक्यांच्या जिवावर पोरं वाढवायची आणि परक्यांचीच भीती घालायची, हा धंदा आपण उचलायचं कारण नाही.

कारण आपल्याकडे याची किंमत पोरगी देते. सातवीपर्यंतची शाळा जवळ, पुढची लांब. वाटेत पोरं असतात म्हणून शाळा बंद. घरात एकटी कशी ठेवायची म्हणून सोळाव्या वर्षी लग्न. २०१९-२१ च्या सरकारी पाहणीत महाराष्ट्रातल्या वीस ते चोवीस वयाच्या शंभर बायांपैकी २२ जणींचं लग्न अठराच्या आत झालेलं होतं. प्रत्येक बापानं कारण विचारलं तर एकच दिलं असतं: काळ वाईट आहे. अरे, अनोळखी माणसापासून वाचवायला म्हणून तू पोरीला दहा मिनिटं बघितलेल्या अनोळखी माणसाच्या घरात कायमची नेऊन टाकलीस! तिथं काय होतं त्याची नोंद कुठल्याच ठाण्यात नाही.

मग करायचं काय? भाषण ठोकून निघून जाणाऱ्यांतला मी नाही. कामं सांगतो.

पहिलं, घरात शब्द द्या. पोराला अंगाच्या प्रत्येक भागाचं नाव सांगा, लाजू नका. सांगा की तुझं अंग तुझं आहे. काका असो, मास्तर असो, बुवा असो, विहारात येणारा असो नाहीतर भाषण करणारा कार्यकर्ता असो, नको वाटलं तर नको म्हणायचं. मोठ्या माणसानं सांगितलेलं कुठलंही गुपित आईपासून लपवायचं नाही. आणि पोर बोललं तर पहिलं वाक्य एकच: तुझी चूक नाही.

दुसरं, कायदा पाठ करा. पोक्सो कायदा २०१२ चा आहे. कलम १९ प्रमाणे ज्याला गुन्हा कळला त्यानं कळवलंच पाहिजे, न कळवणं हा गुन्हा आहे. पोराला ठाण्यात खेचायचं नाही. जबाब त्याच्या घरी किंवा त्याला हवा तिथं, शक्यतो बाई अधिकाऱ्यानं, वर्दी न घालता घ्यायचा. हवालदार उलटसुलट बोलला तर हे कलम त्याच्या तोंडावर वाचा. १०९८ हा मुलांसाठीचा नंबर प्रत्येक घराच्या भिंतीवर लिहा.

तिसरं, पोराला मदत मागायला शिकवा. हरवलं तर सगळ्यांपासून पळ, असं सांगाल तर ते अंधारात जाऊन बसेल. सांगा, कडेवर पोर असलेली बाई बघ, तिकीट खिडकी बघ, दुकानदारीण बघ, जाऊन सांग. जगात मदत करणारे परके जास्त आहेत, हे त्याला कळू द्या. आपण त्यांच्यातलेच आहोत ना?

चौथं, अफवा आपल्या हातात मेली पाहिजे. पोरं पळवणाऱ्या टोळीची चित्रफीत आली की पुढं ढकलायची नाही. कुठल्या गावची, कुठल्या ठाण्यात नोंद, कोणत्या तारखेची, विचारायचं. आणि वस्तीत एखाद्या गोसाव्याला, वेड्या बाईला, तृतीयपंथीयाला घेरलं, तर आपल्या पोरांनी मधे उभं राहायचं. मालेगावात राहिले तसं.

पाचवं, दिवा, संडास, पाळणाघर, मैदान. वस्तीत किती खांबांवर दिवे बंद आहेत ते या आठवड्यात मोजा. यादी घेऊन वॉर्ड ऑफिसात आयांना पुढं करून जाऊ. ज्या साहेबाला त्यांची भीती कळत नाही त्याला त्यांचा आवाज कळेल.

आणि शेवटचं, जे बोलायला जड जातं. उद्या आपल्याच वस्तीतला, आपल्याच मंडळातला, निळा झेंडा खांद्यावर घेणारा कुणी पोरीच्या अंगावर गेला, तर काय कराल? समाजाची बदनामी होईल म्हणून झाकाल? मग तुमच्यात आणि खर्ड्याच्या उलटलेल्या साक्षीदारांत फरक काय राहिला? तेही आपल्या माणसालाच वाचवत होते. आपल्या माणसाची व्याख्या बदला. ज्याच्यावर अन्याय झाला तो आपला. पोर आपलं. मग समोरचा कुणाचाही असो, साक्ष द्यायला आपण उभे राहायचं.

दिवे मोजायचं काम उद्या संध्याकाळी सात वाजता सुरू करू. पोरींनाही बरोबर घ्या. जयभीम.